मी पाहिलेली उजवी भुवई

मित्रांनो, जवळ या, पण माझ्या मानेला हात लावू नका. ती चिकटपट्टीच्या जोरावर कशीबशी उभी आहे. मी एक जुना भिंगाचा दिवा आहे. मधोमध जाड गोल भिंग, त्याच्याभोवती पांढऱ्या उजेडाचं कडं, खाली लांब वाकणारा हात आणि बुडाशी चाकांचा पाय, असा माझा थाट. माझ्याखाली मुंगी आली तर तिच्या मिशा मोजता येतील. ही फुशारकी आहे, मान्य. पण आता फुशारकी मारायला माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही, तेव्हा एवढी चालवून घ्या. माझी गोष्ट काही गोड नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे हातमोजे घातलेल्या बायका प्रत्येक भिंग उजेडासमोर धरून बघत. ज्यात बुडबुडा किंवा ओरखडा दिसे त्याची रवानगी थेट भंगाराच्या पिंपात. माझ्या शेजारचं भिंग असंच गेलं. माझ्याकडे बघून मात्र एक बाई म्हणाली, "हे स्वच्छ आहे." माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक. खोक्यात बंद होताना मी मोठमोठे बेत करत होतो. घड्याळजीकडे जाईन, नाहीतर जवाहिऱ्याकडे, आणि जन्मभर हिऱ्यांच्या संगतीत राहीन. खोकं उघडलं तेव्हा हिरेबिरे काही नव्हते. एक लहानशी खोली होती, मागे कलणारी एक खुर्ची होती, आणि दोन बहिणी माझ्याकडे बघून हसत होत्या.

त्यांना मी थोरली आणि धाकटी म्हणतो. धाकटी चेहऱ्यावर रंग गोंदण्याचं काम करायची. साधं गोंदण तुम्ही पाहिलं असेल, हे त्याचंच नाजूक भावंड. भुवया विरळ असतील तर केसासारख्या बारीक रेघा काढायच्या, ओठ फिकट असतील तर रंग भरायचा, पापणीच्या कडेला काळी किनार द्यायची. सुई त्वचेच्या वरच्या थरापुरतीच जाते, म्हणून हा रंग जन्मभर टिकत नाही, हळूहळू विरतो. पण तो विरेपर्यंत कितीही तोंड धुतलं तरी जात नाही.

ती खोली थोरलीच्या घरातली. धाकटीला कुठे जागा मिळेना, तेव्हा थोरलीने एका दुपारी आपल्या बैठकीच्या खोलीतला सोफा आत ओढून नेला. धाकटी "अगं ताई, पाहुणे कुठे बसतील?" म्हणत राहिली. थोरली म्हणाली, "स्वयंपाकघरात बसतील. त्यांना काय, चहाशी मतलब." तेव्हापासून पुढची खोली धाकटीची, मागचं घर थोरलीचं, आणि मधलं दार सदा उघडं.

थोरली एका इस्पितळात चौकशीच्या खिडकीवर बसायची. खिडकीवर काय काम असतं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण संध्याकाळी घरी आल्यावर ती धाकटीच्या कलत्या खुर्चीत पाय पसरून पडायची आणि दिवसभराचं सांगायची, तेव्हा मला कळत गेलं. डॉक्टर वाईट बातमी सांगून निघून जात. ऐकलेलं माणसांच्या डोक्यात शिरत नसे. मग ती माणसं खिडकीशी येऊन विचारत, "खरंच का हो?" थोरली खिडकी सोडून बाहेर यायची, त्यांना बाकावर बसवायची, पाणी द्यायची आणि तीच बातमी पुन्हा सांगायची, हळू, त्यांच्या तोंडाकडे बघत. इस्पितळात हे काम कुणी तिला नेमून दिलेलं नव्हतं. पण ती रजेवर असली की माणसं विचारत, "त्या बाई नाहीत का आज?" हे सांगताना तिचा आवाज जरा चढायचा. धाकटी तिला चिडवायची, "आल्या मोठ्या खिडकीच्या महाराणी!"

माझे ते सुखाचे दिवस होते. धाकटी रोज सकाळी मऊ फडक्याने माझं भिंग पुसायची. गिऱ्हाइकं येत, खुर्चीत आडवी होत, आणि सुई दिसली की सगळ्यांना तेच ते प्रश्न सुचत. "मॅडम, दुखतं का?" धाकटी सांगायची की आधी बधिर करणारं मलम लावते, तरी थोडं टोचल्यासारखं होईल. "किती दिवस टिकतं?" दिवस नाही, वर्षं म्हणा. कातडी तेलकट असेल तर लवकर विरतं, उन्हात फार फिरलात तर आणखी लवकर. "उद्या कामावर जाऊ ना?" जा की, पण पहिले काही दिवस भुवया कोळशाने काढल्यासारख्या दिसतील, मग खपल्या धरतील, मग सगळं गेलं असं वाटेल, आणि त्यानंतर खरा रंग वर येईल. तोवर खाजवायचं नाही, खपली उपटायची नाही, पोहायला जायचं नाही. पोटात बाळ असेल तर ते जन्मून मोठं होऊ दे, मग या. एका बाईंनी विचारलं होतं, "मध्येच शिंक आली तर?" धाकटी म्हणाली, "मला आधी सांगा, म्हणजे आपण दोघी मिळून शिंकू." दुसरीने दबक्या आवाजात विचारलं, "नवऱ्याला कळेल का हो?" धाकटी म्हणाली, "तुम्ही केस कापलेले कळले होते का?" त्या म्हणाल्या, "नाही." "मग निश्चिंत राहा."

आणि शेवटी, अगदी सुई टेकायच्या आधी, जवळजवळ प्रत्येक जण विचारायचा, "नाही आवडलं तर पुसता येतं का?" तेव्हा मात्र धाकटी थट्टा करत नसे. हातातली सुई बाजूला ठेवून ती सांगायची, "लेझरने थोडं जातं. सगळं जाईल असं नाही. कधी रंग जायच्या ऐवजी बदलतो, तांबूस होतो. त्यामुळे आताच ठरवा. घरी जाऊन ठरवायचं असेल तर घरी जा." पुष्कळ जण घरी जात. धाकटीला त्याचं वाईट वाटत नसे.

तिच्या कामाची एक रीत होती. भुवईची खूण ती गिऱ्हाईक आडवं असताना कधीच करायची नाही. आडवं झालं की चेहऱ्याचं मांस कानांकडे सरकतं, आणि आडव्या चेहऱ्यावर सरळ काढलेली भुवई उठून बसल्यावर वाकडी दिसते. म्हणून ती आधी माणसाला ताठ बसवायची, शाईत भिजवलेल्या दोऱ्याने रेघ घ्यायची, मला हाताने दूर सारायची आणि मागे मागे जात थेट दारापर्यंत पोचायची. तिथून डोळे बारीक करून बघायची. मला याचा राग यायचा. माझ्यासारखं भिंग हाताशी असताना दारात जाऊन काय बघते ही? पण माझ्या भिंगात एका वेळी दोन बोटं रुंदीची कातडीच मावते, मित्रांनो. अख्खा चेहरा भिंगात कधीच मावला नाही, आणि त्या खोलीतली खरी कामं अख्ख्या चेहऱ्याचीच होती.

एकदा एक कापडवाला आला. त्याच्या तोंडाची एक बाजू लुळी पडून खाली सरकली होती. भुवईसुद्धा. तो म्हणाला, "ही पडलेली वर गोंदून द्या, म्हणजे दोन्ही सारख्या दिसतील." धाकटी म्हणाली, "वर्षभर थांबा. असे चेहरे पुष्कळदा आपोआप जागेवर येतात." तो भडकला, दुकानात गिऱ्हाइकं तोंड चुकवतात म्हणाला, दार आपटून गेला. पुढे एक दिवस तोच सरळ चेहऱ्याने हसत दारात उभा राहिला, नुसता दाखवायला. धाकटीने मधल्या दारातून हाक मारली, "ताई, बाहेर ये, बघ कोण आलंय!" त्या दिवशी दोघींनी त्याला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

आणि मग एका सकाळी थोरली झोपून उठली ती अर्ध्याच चेहऱ्याने.

उजवी बाजू लुळी पडली होती. डोळा मिटेना, रात्री त्यावर पट्टी चिकटवावी लागे. चहा ओठाच्या कोपऱ्यातून ओघळायचा. उजवी भुवई बोटाच्या पेराएवढी खाली घसरली होती. डॉक्टर म्हणाले, औषधं घ्या, व्यायाम करा, बहुतेक येईल परत. थोरलीने औषधं घेतली, आरशासमोर गाल फुगवायचे व्यायाम केले. आठवडे गेले, महिने गेले, चेहरा हलला नाही. रजा संपत आली. एका संध्याकाळी ती पुढच्या खोलीत आली आणि खुर्चीत पाय न पसरता ताठ बसली.

"बारके, माझी भुवई वर घे."

धाकटी माझं भिंग पुसत होती. तिचा हात थांबला. "ताई, डॉक्टर म्हणालेत ना, येईल म्हणून?"

"डॉक्टरांचं काय जातंय म्हणायला. पंधरा दिवसांनी मला खिडकीवर बसायचंय. हे असं तोंड घेऊन बसू? माणसं आधीच घाबरलेली असतात गं."

"वर्षभर थांबावं लागतं. मी सगळ्यांना हेच सांगते. त्या कापडवाल्याला नाही का..."

"सगळ्यांना सांग. मी काय सगळ्यांतली आहे का?"

धाकटीने फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. थोरली हलक्या आवाजात म्हणाली, "तुझ्याकडे मी कधी काही मागितलं नाही." तिने सोफ्याचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. धाकटीने सुईचं नवं पाकीट फाडलं.

काम सुरेख झालं, हे मला सांगितलंच पाहिजे. खाली घसरलेल्या भुवईचे केस तिने एकेक करून उपटले आणि वरच्या बाजूला, डाव्या भुवईच्या बरोबरीने, नवी भुवई काढली. अशा रेघा मी त्या खोलीत दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिल्या नाहीत. एकेक केस खरा वाटावा असा होता. आरसा हातात घेऊन थोरलीने चेहरा डावीकडे वळवून बघितला, उजवीकडे वळवून बघितला. मग म्हणाली, "आले गं मी परत." धाकटी माझ्या आडून डोळे पुसत होती.

खपल्या पडल्या, रंग बसला, थोरली खिडकीवर रुजू झाली. संध्याकाळी पुन्हा खुर्चीत पाय पसरले जाऊ लागले. ओठ अजून थोडा वाकडा होता, पण लोकांची नजर आधी डोळ्यांवर जाते, आणि तिथे सगळं सारखं होतं.

मग एका सकाळी मधल्या दारातून पावलं धावत आली. "बारके, बघ!" थोरलीने उजवा डोळा मिटला, उघडला, परत मिटला. गाल फुगवून दाखवला, हवा निसटली नाही. "आज चहा सांडला नाही. एक थेंब नाही!" धाकटीने तिला मिठी मारली. दोघी हसत होत्या, रडत होत्या, काय चाललंय ते माझ्या भिंगालाही कळेना. मग धाकटीने तिचे खांदे धरून तिला लांब केलं आणि सवयीने मागे मागे जात दारापर्यंत पोचली. तिथून तिने बघितलं, आणि तिचं हसू जागच्या जागी मावळलं.

कपाळाची उजवी बाजू पुन्हा आपल्या जागी चढली होती, आणि जाताना गोंदलेली भुवईही वर घेऊन गेली होती.

"काय गं? तुला आनंद नाही झाला?"

"झाला ना. खूप झाला."

"मग अशी काय बघतेस?"

थोरली अजून हसत होती. ती आत गेली, आणि थोड्या वेळाने न्हाणीघरातल्या आरशासमोरून तिची हाक आली. "बारके." एवढंच.

मित्रांनो, एक भुवई वर चढवून आरशात बघा. समोरचा काही सांगतो आहे आणि तुम्हाला त्याची थट्टा वाटते आहे, असं दिसतं की नाही? ते तोंड घेऊन थोरली रोज खिडकीवर बसत होती. आधी कुरबुरी सुरू झाल्या. बाई नाक वर करून बोलतात म्हणे. मग एका संध्याकाळी ती आली आणि उभ्यानेच बोलली.

"एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांची बायको गेली. डॉक्टर सांगून गेले. ते माझ्याकडे आले, विचारलं, खरंच का हो? मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, सांगितलं. ते माझ्या तोंडाकडे बघतच राहिले. म्हणाले, बाई, तुम्हाला यात गंमत वाटते का?" तिने हातातली पिशवी खाली ठेवली. "मला रडू फुटलं होतं गं. आणि रडतानाही तोंड तसंच होतं."

तक्रार झाली. साहेबांनी तिला समजुतीच्या शब्दांत मागच्या खोलीत पाठवलं, जुन्या फायली लावायला. तिथे तिला कुणी काही विचारत नसे.

धाकटीने धावपळ केली. लेझरवाल्याकडे नेलं. रंग थोडा गेला, उरलेला गंजल्यासारखा तांबडा झाला, कातडी सोलवटली. पुन्हा लेझर करायचं तर थांबा, असं तोही म्हणाला. धाकटी म्हणाली, "ताई, डावीही थोडी वर घेऊ का? दोन्ही सारख्या होतील."

"म्हणजे वर्षानुवर्षं दचकलेली दिसू?" थोरली म्हणाली. मग बोलली, "तुला ठाऊक होतं ना, चेहरा परत येतो म्हणून? त्या कापडवाल्याला थांबवलंस. मला का नाही थांबवलंस?"

सोफ्याचं नाव धाकटीनेही घेतलं नाही. थोरली आत गेली आणि मधल्या दाराला आतून कडी लागली. त्या दाराला कडी आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. भिंतीपलीकडे भांडी वाजत, नळ वाहे, रेडिओ लागे, पण हाक येत नसे. धाकटी थोरलीच्या दारात फळं ठेवून यायची, ती तशीच वाळून जायची. तिच्या कामातून जीव गेला. कुणी विचारलं, "मॅडम, पुसता येतं का?" की ती म्हणायची, "करूच नका." आलेलं माणूस गोंधळून निघून जाई. माझं भिंग पुसायचं राहू लागलं. मानेची स्प्रिंग सैल झाली तेव्हा तिने चिकटपट्टी गुंडाळली आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं नाही. तिला एकच आशा होती: रंग विरतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला तिने सांगितलेली ती गोष्ट होती. आज ना उद्या विरेल, आणि ताई दार उघडेल.

शेवटी गिऱ्हाइकं यायची बंद झाली. दुसऱ्या शहरातल्या एका दुकानात तिला काम मिळालं, नुसतं केस कापायचं. निघायच्या आदल्या दिवशी तिने मधलं दार वाजवलं. "ताई, उद्या जातेय मी. एकदा बघू दे. एकदाच."

कडी निघाली. थोरली आली, खुर्चीत आडवी झाली. केसांची बट तिने भुवईवर ओढून घेतली होती. धाकटीने ती बाजूला केली आणि मला खाली ओढलं. कितीतरी दिवसांनी तिने माझं भिंग पुसलं. आम्ही दोघांनी मिळून ती भुवई टोकापासून टोकापर्यंत बघितली. रंग नव्हता. तांबूसपणा नव्हता. मूळ जागी साधे, थोडे पांढरे झालेले केस उगवले होते. मग तिने थोरलीला उठवून बसवलं आणि दारापर्यंत जाऊन बघितलं.

"ताई, गेलं गं सगळं!" ती दारातूनच ओरडली. "काहीसुद्धा दिसत नाही."

थोरलीने आरसा हातात घेतला. बघितलं. परत ठेवला.

"मला दिसतं," ती म्हणाली.

"नाही गं ताई, खरंच नाही. मी भिंगातून बघितलंय."

"मला दिसतं, बारके." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिने बट पुन्हा पुढे ओढली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी धाकटी गेली. खुर्ची कुणीतरी नेली. मला न्यायला कुणी आलं नाही.

आता या खोलीत मी एकटा आहे असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. फायलींच्या खोलीतून घरी आल्यावर थोरली दार लोटून इथे येते, मला लावते, स्टूल ओढते आणि हातातला आरसा माझ्याखाली धरून आपली उजवी भुवई शोधते. फार वेळ बघते. माझं अर्धं कडं विझलेलं आहे, तरी जमेल तेवढा उजेड मी देतो. तिथे काही नाही, बाई, काही नाही, असं मी ओरडून सांगतो. पण मोठ्या माणसांना दिव्याचं ऐकू येत नाही.

म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं, मित्रांनो. तुमच्या घरात आई असेल, मावशी असेल, थोरली बहीण असेल. तिच्या चेहऱ्याचं कधी काही बिघडलं असेल, आणि ते बरं होऊनही ती आरशासमोरून उठत नसेल, तर तिला तिथे एकटी सोडू नका. तिच्या समोर जाऊन बसा. तिच्याकडे नीट बघा आणि काय दिसतं ते सांगा. ती मानणार नाही. माझ्या थोरलीने सख्ख्या बहिणीचं मानलं नाही, तुमचंही लगेच कुणी मानणार नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगा. तुमचं ऐकू तरी येतं.